मायन्यूट उत्परिवर्तन आणि फळमाशी: विकासातला विलंब व प्रजननक्षमता कशी मोजावी

एखाद्या जनुकातील बिघाडामुळे माशी उशिरा वाढते किंवा कमी अंडी घालते, हे विधान करायला सोपे असले तरी ते सिद्ध करणे कष्टाचे आहे. दिसलेला उशीर जनुकामुळे झाला, की दाटीमुळे, उष्णतेमुळे किंवा वाणात लपलेल्या दुसऱ्याच एखाद्या उत्परिवर्तनामुळे झाला, याचे उत्तर प्रयोगाची मांडणी करतानाच तयार ठेवावे लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना मला वारंवार जाणवले आहे की मोजणी चोख असते, पण तुलना चुकीच्या माशांशी केलेली असते. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन, संकरापासून विच्छेदनापर्यंतची सगळी वाट क्रमाने सांगितली आहे. ते उदाहरण ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर या फळमाशीतील मायन्यूट उत्परिवर्तनांचे आहे.

मायन्यूट म्हणजे काय

फळमाशीवर आनुवंशिकतेचे पायाभूत काम करणारे मॉर्गन आणि ब्रिजेस यांच्या काळापासून अशा माश्या माहीत आहेत, ज्यांच्या पाठीवरचे राठ केस आखूड व बारीक असतात, ज्या भावंडांपेक्षा उशिरा कोषातून बाहेर पडतात आणि ज्यांची प्रजननक्षमता बऱ्याचदा कमी असते. जॅक शुल्ट्झ यांनी १९२९ मध्ये अशा अनेक उत्परिवर्तनांचा एकत्र अभ्यास केला. ती वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असूनही सर्वांची लक्षणे इतकी सारखी कशी, हा प्रश्न त्यातून ठळक झाला. त्याचे उत्तर मिळायला १९८५ साल उजाडले. त्या वर्षी एका मायन्यूट जनुकातून रायबोसोमचे एक प्रथिन तयार होते, असे दाखवले गेले आणि पुढे बहुतेक मायन्यूट जनुके याच वर्गातली निघाली.

रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिने तयार करणारे यंत्र. त्यात सुमारे ८० प्रथिने असतात आणि प्रत्येकाच्या जनुकाच्या दोन प्रती माशीला लागतात. त्यांतील एक निकामी झाली की पेशीला नवे रायबोसोम पुरेशा वेगाने बांधता येत नाहीत. राठ केस हा एकाच पेशीने थोड्या वेळात उभारलेला मोठा सांगाडा असल्यामुळे ही टंचाई तिथे सर्वांत आधी दिसते. दोन्ही प्रती निकामी असलेला जीव मात्र जगत नाही, कारण आईने अंड्यात भरून दिलेले रायबोसोम संपले की त्याची वाढ थांबते. मायन्यूट हे लक्षणांच्या दृष्टीने प्रभावी आणि मृत्यूच्या दृष्टीने अप्रभावी उत्परिवर्तन आहे, असे जे म्हटले जाते त्याचा अर्थ हाच.

अलीकडच्या संशोधनाने या चित्रात एक महत्त्वाची भर घातली आहे. वाढ मंदावते ती केवळ यंत्रे कमी पडल्यामुळे नव्हे. एक्सआरपी१ नावाचे नियंत्रक प्रथिन ही टंचाई ओळखून वाढीचा वेग मुद्दाम खाली आणते, आणि ते काढून टाकले तर मायन्यूट पेशींची वाढ बऱ्याच प्रमाणात सुधारते. मंदपणाचा मोठा भाग शरीराने दिलेला प्रतिसाद असतो, ही गोष्ट निष्कर्ष लिहिताना लक्षात असू द्यावी.

वाण निवडणे आणि शुद्ध करणे

भारतात म्हैसूर विद्यापीठातील ड्रॉसोफिला साठा केंद्र आणि बंगळूरची माशी सुविधा यांच्याकडे वाणांची चौकशी करता येते. परदेशातून मागवायचे झाल्यास अमेरिकेतील ब्लूमिंग्टनचा साठा सर्वपरिचित आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरील आरपीएस३ या जनुकाचे मायन्यूट वाण या कामासाठी चांगले. वाण मागवताना त्याचे बॅलन्सर गुणसूत्र, म्हणजे घातक उत्परिवर्तन टिकवण्यासाठी त्याच्या जोडीला ठेवलेले, अदलाबदल न होऊ देणारे खुणेचे गुणसूत्र कोणते, हे आवर्जून पाहावे. टीएम३ या बॅलन्सरवर बहुधा स्टबल ही खूण असते आणि तीही राठ केस आखूडच करते. स्टबलचा केस जाड व बोथट असतो, मायन्यूटचा बारीक व टोकदार असतो, पण नवख्या डोळ्याला हा फरक दिवसभराच्या मोजणीत टिकवता येत नाही. त्यापेक्षा टीएम६बी बरे. त्यावरील टबी या खुणेमुळे अळी आणि कोष आखूड व गुबगुबीत दिसतात, तर ह्यूमरल या खुणेमुळे खांद्यावर जादा केस येतात.

वाणाची बाटली आली की लगेच त्यातल्याच माश्या मोजायला घेण्याचा मोह होतो, आणि माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नेमके तेच केले होते. त्या बाटलीत मायन्यूटच्या दोन प्रती मिळालेली एक चतुर्थांश संतती मरते आणि बॅलन्सरच्या दोन प्रती मिळालेली आणखी एक चतुर्थांशही मरते. अर्धी अंडी वाया गेलेली पाहून मी प्रजननक्षमता निम्म्यावर आली असे लिहून ठेवले, जेव्हा आयांच्या अंडी घालण्याच्या क्षमतेशी त्या आकड्याचा काहीही संबंध नव्हता.

म्हणून पहिला संकर वाणातील नर आणि ओरेगॉन-आर या सामान्य वाणातील कुमारी माद्या यांचा करावा. संततीतून टीएम६बीच्या खुणा नसलेल्या, बारीक केसांच्या कुमारी माद्या निवडून त्या पुन्हा सामान्य नरांना द्याव्यात आणि असे सहा पिढ्या करावे. या पिढ्यांमध्ये उत्परिवर्तन मादीच्या वाटेनेच पुढे न्यावे, कारण फळमाशीच्या नरात जोडीतील गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होत नाही. नराच्या वाटेने नेल्यास इतर गुणसूत्रे बदलली जातात, पण मायन्यूटच्या शेजारी त्याच गुणसूत्रावर बसलेले दुसरे दोष जसेच्या तसे सोबत येतात.

२५ अंश सेल्सिअसला मादी कोषातून बाहेर पडल्यावर सुमारे आठ तासांपर्यंत समागमास तयार होत नाही, तेव्हा कुमारी माद्या त्या मुदतीत वेगळ्या कराव्यात. बाटली १८ अंशांवर ठेवली तर ही मुदत जवळपास दुप्पट होते, त्यामुळे रात्रीसाठी ती सोय उपयोगी पडते. आणखी एक सवय मोडावी लागते. दहाव्या दिवशी माश्या निघाल्या की काम उरकून बाटली टाकून दिली जाते, पण मायन्यूट माश्या त्यानंतर एक ते तीन दिवसांनी निघतात, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या माश्याच आपण फेकत असतो. जनक माश्या वेळेवर काढून घ्याव्यात आणि बाटली अठराव्या दिवसापर्यंत पाहत राहावी. त्यापुढे पुढच्या पिढीच्या माश्या मिसळू लागतात.

अन्न, तापमान आणि गुंगी

एक लिटर पाण्यासाठी मक्याचे पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, यीस्टचा अर्क १५ ग्रॅम आणि अगर ८ ग्रॅम हे चालणारे प्रमाण आहे. शिजवलेले अन्न ६० अंशांच्या आसपास उतरल्यावर त्यात प्रोपिऑनिक आम्लासारखे बुरशीरोधक मिसळावे. हे आम्ल हाताळताना हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. प्रमाण थोडेफार बदलले तर बिघडत नाही, मात्र एका प्रयोगातल्या सगळ्या कुप्या एकाच घाण्याच्या अन्नाच्या असायलाच हव्यात.

तापमानाबाबत आपल्याकडे अधिक सावध राहावे लागते. २५ अंशांवर अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास सुमारे दहा दिवसांचा असतो आणि १८ अंशांवर तो जवळपास दुप्पट होतो. ३० अंशांच्या वर वाढलेले नर वंध्य होऊ लागतात, हे तर प्रजननक्षमता मोजणाऱ्याने कधीच विसरू नये. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात दुपारी वीज जाऊन इनक्युबेटर काही तास बंद राहिला, तर त्या आठवड्याचे नर हिशेबातून वगळणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. इनक्युबेटरच्या आत कमाल-किमान तापमापी ठेवून रोज दोन नोंदी घ्याव्यात, कारण दारावरचा आकडा आतल्या कोपऱ्यातील कुपीचे तापमान सांगत नाही.

माश्यांना गुंगी देण्यासाठी कार्बन डायऑक्साइड किंवा बर्फ वापरावा. अनेक महाविद्यालयांत अजूनही ईथर वापरतात. ते ज्वलनशील तर आहेच, शिवाय मात्रा थोडी जास्त झाली की माशी मरते किंवा तिची अंडी घालण्याची क्षमता घटते, आणि आपण जे मोजायला बसलो आहोत तेच बिघडते.

विकासकाल मोजणे

या भागासाठी मायन्यूटची एक प्रत असलेले नर आणि सामान्य कुमारी माद्या यांचा संकर करावा. अशा संकरात सर्व अंडी सामान्य आयांची असतात, म्हणजे रायबोसोमचा मातृक साठा सर्वांना सारखाच मिळतो आणि संतती निम्मी मायन्यूट, निम्मी सामान्य निघते. एकाच कुपीत, एकाच अन्नावर वाढलेली सख्खी भावंडे तुलनेला मिळणे, याहून चांगला नियंत्रण गट मला माहीत नाही.

माद्यांना दोन दिवस यीस्टची पेस्ट खाऊ घालावी. मग सकाळी ६ वाजता त्या द्राक्षरस घातलेल्या अगरच्या बशीवर सोडाव्यात. पहिल्या तासातील अंडी टाकून द्यावीत, कारण मादी कधीकधी फलित अंडे पोटात धरून ठेवते आणि ते बाहेर येईपर्यंत त्याची वाढ पुढे गेलेली असते. ७ ते ९ या वेळेतील अंडी घ्यावीत आणि ८ वाजता शून्य तास धरावा. अळ्या साधारण २२ ते २४ तासांनी बाहेर येतात, तरी त्या उचलण्याची घाई करू नये. सर्वांत आधी फुटलेल्या अंड्यांतील अळ्याच घेतल्या, तर मंद अळ्या नमुन्यातून आपोआप गळतात. २८ ते ३० तासांच्या दरम्यान मऊ कुंचल्याने प्रत्येक कुपीत मोजून ४० अळ्या ठेवाव्यात. दाटी झाली की मागे पडणाऱ्या अळ्यांच्या वाट्याला उरलेसुरले, कचऱ्याने भरलेले अन्न येते आणि मायन्यूटचा उशीर खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. अशा किमान दहा कुप्या लावाव्यात.

इनक्युबेटरमधील दिवा सकाळी ८ वाजता लागेल आणि रात्री ८ वाजता विझेल असे करावे आणि नवव्या दिवसापासून त्याच दोन वेळांना बाहेर आलेल्या माश्या काढून मोजाव्यात. प्रत्येक माशीच्या वक्षाच्या मागच्या टोकावरील चार लांब राठ केस भिंगाखाली पाहून ती मायन्यूट की सामान्य हे ठरवावे. शक्य असेल तर मोजणारी व्यक्ती वेगळी असावी आणि माशी कोणत्या दिवशी निघाली हे तिला कळू नये, कारण उशिरा आलेल्या माशीचे केस बारीकच वाटू लागतात.

आता हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. दोन कुप्यांतील ८० अळ्यांतून ४० सामान्य माश्या निघाल्या: २१६ ते २२८ तासांत २५, २२८ ते २४० तासांत ५ आणि २४० ते २५२ तासांत १०. प्रत्येक टप्प्याचा मध्य धरून सरासरी काढली की ती २२९.५ तास येते. मायन्यूट ३२ निघाल्या: २६४ ते २७६ मध्ये १८, २७६ ते २८८ मध्ये ४ आणि २८८ ते ३०० मध्ये १०. त्यांची सरासरी २७९ तास. फरक ४९.५ तासांचा, म्हणजे दोन दिवसांहून थोडा अधिक.

या आकड्यांत रात्रीच्या टप्प्यात माश्या कमी दिसतात. फळमाशी मुख्यतः पहाटे व सकाळी कोषातून बाहेर पडते, तिचे दैनिक घड्याळ तसे असते. त्यामुळे कोष तयार होऊनही माशी पुढच्या सकाळपर्यंत आतच थांबू शकते आणि काही तासांचा फरक एकतर झाकला जातो किंवा एक दिवसाचा होऊन समोर येतो. यावर उपाय म्हणजे अळीचा कोष होण्याची वेळही नोंदवणे. कुपीच्या काचेवर नव्या कोषाशेजारी पेनाने वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी कोष ओल्या कुंचल्याने सोडवून स्वतंत्र क्रमांकाच्या छोट्या नळीत ठेवावा आणि माशी निघाल्यावर तिचे केस पाहून ती वेळ योग्य रकान्यात भरावी. काम वेळखाऊ आहे, पण उशीर अळीच्या अवस्थेत झाला की कोषाच्या, हे त्यावरूनच कळते. मायन्यूटमध्ये तो प्रामुख्याने अळीच्या अवस्थेत होतो. अळी अधिक दिवस खात राहते आणि म्हणूनच प्रौढ माशीचे आकारमान बहुधा सामान्याच्या जवळ येते.

जगण्याचे प्रमाण याच मोजणीतून मिळते. ४० विरुद्ध ३२ पाहिले की आठ मायन्यूट मेल्या असे वाटते, पण ३६-३६ ही अपेक्षा धरून काय-वर्ग (प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतील तफावतीचे माप) काढला तर तो ०.८९ येतो आणि तफावत केवळ योगायोगाची नाही असे म्हणण्यासाठी लागणाऱ्या ३.८४ या मर्यादेपासून फार दूर राहतो. हेच प्रमाण दहा कुप्यांत, २०० विरुद्ध १६० असे टिकले तर तो ४.४४ होतो. त्यातही प्रत्येक कुपीचे प्रमाण वेगळे मांडून पाहावे, कारण एका कुपीतल्या माश्या एकमेकींवर अवलंबून असतात. स्वतंत्र नमुना कुपी असते, माशी नव्हे.

थोडे विषयांतर होते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोराटा आणि रिपोल यांनी १९७५ मध्ये दाखवले की मायन्यूट पेशी स्वतःच्या माशीत नीट जगतात, पण त्याच पेशी पंखाच्या उगमपटलात, म्हणजे अळीतील ज्या पेशीपटलापासून पुढे पंख बनतो त्यात, सामान्य पेशींच्या शेजारी आल्या की बाहेर ढकलल्या जातात. पेशींमधील स्पर्धा हे संशोधनाचे आज मोठे झालेले क्षेत्र या आखूड केसांच्या माश्यांपासून सुरू झाले.

मादीची प्रजननक्षमता

येथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली दडलेल्या असतात: मादी किती अंडी घालते, त्यांतील किती उबतात आणि किती प्रौढ होतात. तिन्हींसाठी स्वतंत्र रकाने असावेत.

वरच्याच कुप्यांतून मायन्यूट आणि सामान्य अशा प्रत्येकी २० कुमारी बहिणी घ्याव्यात. त्यांची तुलना वयाने करावी, तारखेने नव्हे. सामान्य बहीण दोन दिवस आधी जन्मलेली असते, म्हणून प्रत्येकीचे दिवस तिच्या स्वतःच्या जन्मापासून मोजावेत. प्रत्येक मादीसोबत चार दिवस वयाचे दोन सामान्य नर द्यावेत आणि वयाच्या चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत ती रोज त्याच वेळी नव्या अगर-बशीवर हलवावी. बशीवर यीस्टची पेस्ट न चुकता ठेवावी. उपाशी मादी अंडाशयातील वाढती अंडी मध्येच मोडून टाकते आणि तेव्हा आपण जनुकाऐवजी भूक मोजत बसतो. उत्तम खाल्लेली सामान्य मादी ऐन भरात दिवसाला ५० ते ७० अंडी घालते. तुमच्या सामान्य माद्या २० वरच अडकल्या असतील, तर मायन्यूटचे आकडे वाचण्यापूर्वी अन्न आणि तापमान तपासावे.

हलवलेल्या बशीतील अंडी त्याच दिवशी मोजावीत आणि ४८ तासांनी रिकामी कवचे मोजावीत. न उबलेले अंडे पांढरेच राहिले असेल, तर ते फलित झालेले नसते किंवा अगदी आरंभीच थांबलेले असते. ते तपकिरी झाले असेल, तर आत वाढ सुरू होऊन भ्रूण नंतर मेलेला असतो. अंडी कमी पण उबण्याचे प्रमाण सामान्य, असे चित्र दिसले तर दोष अंडे बनवण्याच्या प्रक्रियेत शोधावा. पांढरी अंडी वाढली असतील, तर आधी समागम झाला होता का ते पाहावे. नर कधीही मायन्यूट नसावेत. दोन्ही जनक मायन्यूट असले की एक चतुर्थांश संतती दोन निकामी प्रतींमुळे मरते आणि ती घट चुकून आईच्या नावावर पडते.

अंडी कमी का पडतात, हे पाहण्यासाठी यीस्ट खाल्लेल्या चार दिवसांच्या माद्यांचे विच्छेदन करावे. क्षारद्रावणात मादी धरून चिमट्याने पोटाचे टोक ओढले की दोन्ही अंडाशय बाहेर येतात. प्रत्येकात बहुधा १६ ते २० अंडनलिका असतात. नलिकेतील प्रत्येक अंडकोष्ठात १५ पोषक पेशी एका अंडपेशीसाठी राबत असतात, त्या प्रचंड संख्येने रायबोसोम तयार करून अंडपेशीत ओततात. रायबोसोमची टंचाई असलेल्या मादीला हाच भाग सर्वांत जड जावा, हे स्वाभाविक आहे. नलिकांची संख्या, पाठीवर दोन तंतू असलेली पक्व अंडी आणि मध्यावस्थेत मोडलेले कोष्ठ, ज्यांची केंद्रके डीएपीआय या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगात आकसलेली व लखलखीत दिसतात, असे तिन्ही मोजावे. नलिकाच कमी असतील तर दोष अळीच्या अवस्थेतला. नलिका पुरेशा असून कोष्ठ मोडत असतील तर तो प्रौढ अवस्थेतला.

नर आणि कारणाची खात्री

नराची चाचणी थोडक्यात आटोपते. चार दिवसांच्या एका नराला रोज तीन नव्या कुमारी सामान्य माद्या द्याव्यात आणि किती माद्यांच्या कुप्यांत अळ्या येतात ते पाहावे. पहिल्या दिवशी सारे ठीक आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट, असे दिसले तर शुक्राणूंचा साठा भरून येण्याचा वेग कमी आहे, असा तर्क करता येतो. शुक्राशय फोडून हलते शुक्राणू दिसतात का, एवढे तपासावे.

येथवर सारे जुळले तरी उशीर आरपीएस३ मुळेच, असे लिहिण्यापूर्वी दोन पुरावे हवेत. आरपीएस३ असलेला भाग वगळलेले गुणसूत्र वेगळ्या वाणातून घेऊन सामान्य माशीशी संकर करावा. एक प्रत गेल्याने तीच लक्षणे दिसायला हवीत. त्याहून बळकट पुरावा म्हणजे सामान्य जनुकाची जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर बसवलेल्या माशीशी संकर करणे. राठ केस लांब झाले, कोषाची वेळ भरून निघाली आणि अंड्यांची संख्याही वर आली, तर तिन्ही दोष त्याच जनुकाचे. केस सुधारले पण अंडी सुधारली नाहीत, तर प्रजननक्षमतेचा दोष दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि सहा पिढ्यांचे शुद्धीकरण पुरे पडलेले नाही. हा निकाल निराश करणारा वाटला तरी तो तसाच नोंदवावा, कारण मानवातील डायमंड-ब्लॅकफॅन रक्तक्षयासारखे आजारही रायबोसोमच्या प्रथिनांच्या एका प्रतीच्या अभावातून होतात. त्यात १९९९ मध्ये सापडलेले पहिले जनुक आरपीएस१९ होते, आणि फळमाशीवर काढलेले निष्कर्ष तिथवर विचारात घेतले जातात.

प्रयोग संपल्यावर वाणाच्या दोन प्रती १८ अंशांवर, शक्य तर दोन वेगळ्या इनक्युबेटरांत ठेवाव्यात. त्या बॅलन्सरसह ठेवाव्यात, कारण नुसत्या सामान्य गुणसूत्रासोबत ठेवल्यास वेगाने वाढणाऱ्या सामान्य माश्या काही पिढ्यांत मायन्यूटला बाटलीतून हद्दपार करतात. नव्या बाटलीत माश्या हलवताना पहिल्या दोन-तीन दिवसांतील माश्या पुरेशा आहेत असे समजू नये. जुनी बाटली आणखी आठवडाभर ठेवावी आणि उशिरा निघालेल्या, बारीक केसांच्या माश्या मुद्दाम नव्या बाटलीत सोडाव्यात.